मावशीचा नकार

नौपाड्यात राम मारुती रोडच्या आतल्या एका गल्लीत जुनी तीन मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला मासे बाजारातून आणायची सवय नाही. चेंदणी कोळीवाड्यातली मावशी टोपली घेऊन जिना चढते, दारात बसते आणि घरातली बाई ताट घेऊन बाहेर येते. मावशीच्या आधी तिची सासू याच दारावर यायची. घरातल्या सासूबाईंच्या आधी त्यांची सासू ताट घेऊन बाहेर यायची. असा हा दोन्हीकडून चालत आलेला व्यवहार.

चेंदणीच्या कोळ्यांचं पोट एके काळी ठाण्याच्या खाडीवर भरत असे. खाडीचं पाणी बिघडत गेलं, तसे तिथले मासे आटले आणि टोपल्या मुंबईच्या धक्क्यांकडे वळल्या. मावशी पहाटेच्याही आधी उठते, वाड्यातल्या बायकांबरोबर टेम्पोनं भाऊच्या धक्क्याला जाते. कधी ससून डॉकला, जो १८७५ पासून चालू आहे. लिलावाच्या गर्दीत उभी राहून माल उचलते, बर्फ घालते आणि ठाणं जागं होईतो परत आलेली असते. पायाखाली सतत पाणी, हातात सतत बर्फ. तिच्या बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली आहेत. या बाईनं दारात बसून ‘आज नको’ म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांनी तिचे हात जवळून पाहिलेत त्यांनाच कळेल.

घरातली सून हौशी सुगरण. तिचा भाऊ लॉस एंजेलिसला असतो. तो त्या वर्षी आषाढात सुट्टीवर येणार होता आणि फोनवर त्यानं एका पदार्थाचं नाव घेतलं होतं: ट्यूना टार्टार. कच्च्या ट्यूनाचे बारीक चौकोनी तुकडे, त्यात कांदा, लिंबू, तेल, मीठ. जेवणाआधी छोट्या वाटीत द्यायचे. टार्टार म्हटलं की पूर्वी लोकांना कच्चं गोमांसच आठवायचं. लॉस एंजेलिसच्या छाया ब्रासरी या हॉटेलात शिगेफुमी ताचिबे या शेफनं १९८४च्या सुमारास मांसाऐवजी ट्यूना घातला, असं सांगतात. गोमांस नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी केलेली सोय पुढे जगभर पसरली. ‘आपल्याकडे कुपा मिळतो की! मग घरी का नाही जमणार?’ असं सूनबाईंना वाटलं. वाटण्यात काही चूक नव्हतं. कुपा म्हणजे ट्यूनाच, आणि आपल्या किनाऱ्यावर तो मिळतो.

भाऊ येणार होता तो नेमका गटारीचा रविवार होता. श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रविवार. नौपाड्यातल्या मासेखाऊ घरांत त्या दिवशी काय घाई असते ते सांगायला नको. गुरुवारीच सूनबाईंनी मावशीला बजावून ठेवलं, “मावशी, रविवारी मला कुपा पाहिजे. मोठा, ताजा.”

रविवारी मावशी आली. टोपलीत थोडे बोंबील होते, कोळंबी होती, खाली एक मध्यम कुपाही होता. सूनबाईंनी ताट पुढे केलं. मावशीनं मासा उचलला आणि सहज विचारलं, “काय करशील गो याचा? आंबट करशील का तळशील?”

“कच्चाच खायचाय मावशी. बारीक चिरून, लिंबू पिळून.”

मावशीनं मासा परत टोपलीत ठेवला. वर बर्फ ओढला.

“मग नाय देणार.”

“म्हणजे? आणलाय ना माझ्यासाठी?”

“आणलाय. शिजवणार असशील तर घे, माझी जबान आहे. कच्चा नाय. दर्या बंद आहे बाय. ह्यो कुठून आला, कवा पकडला, मला ठाऊक नाय. मला ठाऊक नाय त्याची मी तुला जबान कशी देऊ?”

मावशीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रानं चालणाऱ्या बोटींना समुद्रात जायला बंदी असते. मासे या दिवसांत अंडी घालतात, आणि पावसाळी समुद्र माणसाच्या जिवावरही उठतो. बिनयंत्राच्या छोट्या होड्या किनाऱ्यालगत जातात, त्यांना थोडेफार बोंबील, कोळंबी मिळते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी आधीच उरकते, म्हणून जुलैत तिकडचा माल ट्रकनं इकडे येतो. बाकी शीतगृहातला साठा. म्हणजे ज्या दिवशी ठाण्यात माशांना सर्वांत जास्त मागणी, तेव्हाच समोरच्या माशाचा प्रवास सर्वांत लांबचा. तो मासा वाईटच असतो असं नाही. पण त्याच्या प्रवासाबद्दल विकणाऱ्याला काही ठाऊक नसतं.

सूनबाईंना राग आला. तीन दिवस आधी सांगून, भाऊ दुपारी येणार असताना, दारात बसलेली बाई टोपलीतला मासा देत नाही! त्या ताट घेऊन आत निघून गेल्या. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. मावशीपाशी टेकल्या आणि म्हणाल्या, “बरं, सुकं काय आणलंयस?” मावशीनं फडक्यातून सोडे काढले, थोडा जवळा काढला. सासूबाईंनी दोन्ही घेतलं, वर बोंबलांचा एक वाटा घेतला, पैसे दिले. मावशी उठून गेली.

सूनबाई रिक्षा करून एका चकचकीत दुकानात गेल्या. काचेचं कपाट, पांढरा दिवा, टोपी घातलेला पोरगा. “कुपा आहे? कच्चा खायला चालेल?” पोरगा म्हणाला, “एकदम चालेल मॅडम, सुशी ग्रेड आहे.” ‘सुशी ग्रेड’ ही चिठ्ठी लावायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही, अमेरिकेतसुद्धा कायद्यानं तसा काही दर्जा ठरवलेला नाही. सूनबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. जे उत्तर हवं होतं ते पहिल्याच फटक्यात मिळालं होतं.

लालबुंद मांसाचं पाकीट कापडी पिशवीत टाकून त्या गोखले रोडला उतरल्या. लिंबं, कोथिंबीर, काकडी, पाहुण्यांसाठी मिठाई. रविवारची गर्दी, पावसाची सर, मग एका दुकानाच्या वळचणीला उभं राहणं. घरी पोचल्या तेव्हा पाकिटाला हात लावला तर गारवा गेलेला होता.

मांस दिसायला सुरेख होतं. वास म्हणावा तर नव्हता. त्यांनी चण्याएवढे तुकडे केले, आणि मीठमसाला घालण्याआधी चव पाहावी म्हणून दोन तुकडे तोंडात टाकले. जिभेला झिणझिण्या आल्या. मिरी चावल्यासारखं झालं. मिरची तर अजून चिरलीसुद्धा नव्हती. त्यांना वाटलं, कुप्याची चवच अशी असेल. अर्ध्या तासात मान लाल झाली, मग चेहरा, कान तापले, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. भाऊ टॅक्सीतून उतरला तेव्हा बहीण खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसलेली होती.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, गोळी दिली, थांबवून ठेवलं आणि काय खाल्लं ते विचारलं. “ही ॲलर्जीसारखी दिसते, पण ॲलर्जी नाही,” ते म्हणाले. कुपा, बांगडा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेल्यावर त्याला ऊब मिळाली की जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. मासा धक्क्यावर उन्हात पडून राहिला, टेम्पोत बर्फ वितळला, दुकानात कपाट बंद पडलं, पिशवीतून बाजार फिरला: कुठेही, थोडं थोडं. ते एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, लिंबानं मरत नाही. मांस लाल दिसतं, वासही येईलच असं नाही. कधी कधी जिभेवरची ती झिणझिण तेवढी इशारा देते.

“म्हणजे शिजवला असता तर बरं झालं असतं?” सूनबाईंनी विचारलं.

“नाही. शिजवूनही ते जात नाही.”

हे उत्तर मला या गोष्टीत फार मोलाचं वाटतं. आपण मासा शिजवतो तेव्हा आपल्याला वाटतं, विस्तव सगळं सांभाळून घेईल. जीवाणू मारायला, कृमी मारायला विस्तव पुरतो. पण मधल्या हातांनी केलेला आळस तो पुसत नाही. पकडणारा, उतरवणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि घरी आणणारा, यांतल्या प्रत्येकानं मासा थंड ठेवला तरच तो थंड राहतो. एकानं हयगय केली तर बाकीच्या चौघांची मेहनत फुकट.

संध्याकाळपर्यंत सूनबाई सावरल्या. वाडगाभर चिरलेला कुपा टाकून दिला. त्या रात्री पाहुण्याच्या पानात सोड्याची खिचडी, तळलेले बोंबील, जवळ्याची चटणी आणि सोलकढी होती. सकाळी सासूबाईंनी मावशीकडून घेतलेल्या मालावर गटारी साजरी झाली. भावानं दोनदा खिचडी मागून घेतली.

भांडी आवरताना सूनबाई म्हणाल्या, “आई, मावशीनं मला नाही म्हटलं तेव्हा मला अपमान वाटला. पण ती सगळ्यांनाच असं सांगत असेल का?”

सासूबाई म्हणाल्या, “सगळ्यांना सांगेल तर तिची चूल पेटेल का?” आणि मग त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली.

मावशी या दारावर नवी यायला लागली तेव्हाची गोष्ट. एकदा तिनं दिलेला हलवा कापताना मऊ लागला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला थांबवून विचारलं. मावशी आधी गप्प राहिली, मग रडायलाच लागली. म्हणाली, त्या दिवशी माल थोडा उतरलेला होता. पहिल्या घरी तिनं खरं सांगितलं. त्या बाईनं दार लावलं. दुसऱ्या घरी खरं सांगितलं. त्यांनी बाजारातून आणायचं ठरवलं. भवानी झाली नव्हती, पोर तापानं फणफणलेलं होतं. तिसऱ्या दाराला ती खरं बोलली नाही. तिसरं दार हे होतं.

“मी तिला म्हटलं,” सासूबाई म्हणाल्या, “जेव्हा चांगलं नसेल तेव्हा सरळ सांग. त्या दिवशीही तुझ्याकडून काहीतरी घेईन. सुकट घेईन, सोडे घेईन, नाहीतर उद्याचे पैसे आज देईन. पण या दारात खोटं बोलू नकोस. तेव्हापासून तिनं मला एकदाही फसवलं नाही. आणि तिनं नाही म्हटल्यावर ती या दारातून रिकाम्या हातानं कधी गेली नाही.”

सूनबाईंनी त्या दुकानातल्या पोराचा चेहरा आठवला. त्याला बहुधा ‘नाही’ म्हणायची मुभाच नसेल. नाही म्हटलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि मालक रात्री गल्ला मोजतो. आपण गिऱ्हाइकांनीच त्याला ‘हो’ म्हणायला शिकवलेलं आहे, आणि हे मी फक्त माशांबद्दल म्हणत नाही.

श्रावण गेला. या घरात त्या महिन्यात मासा येत नाही. मधे नारळी पौर्णिमा झाली, चेंदणीच्या कोळ्यांनी खाडीला नारळ वाहिला, मोठ्या बोटी समुद्रात गेल्या. गणपती आले, पाचव्या दिवशी गेले. मग मावशीची हाक जिन्यात पुन्हा ऐकू आली. सूनबाई ताट न घेताच बाहेर आल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या.

“मावशी, चुकलं माझं त्या दिवशी. पण मला तो पदार्थ करायचाच आहे. आता दर्या उघडलाय. तू सांग कसा करू.”

मावशी विचारात पडली. बर्फ सारून तिनं सकाळी लिलावात घेतलेला कुपा वर काढला. कल्ले उघडून दाखवले: लाल, ओले. डोळा भरलेला. बोटानं दाबलं, मांस लगेच वर आलं. “असा मासा रोज मिळत नाय,” ती म्हणाली. “ह्याचं आंबट कर, सगळा वाडा विचारील. पण कच्चा खायला मी माझ्या टोपलीतला देणार नाय. बोट कधी कधी आठ-दहा दिवस दर्यात राहते. हा पहिल्या दिवशी घावला का शेवटच्या, मला कोण सांगणार? माझा भाचा तळोज्याच्या फॅक्टरीत आहे, तिकडं परदेशात माल जातो. त्याला विचारते.”

पंधरा हात दूर बसलेल्या सासूबाई हसल्या. मावशीनं दुसऱ्यांदा हातचं गिऱ्हाईक सोडलं होतं, तेही दुसऱ्याकडे पाठवून.

भाच्यानं जे सांगितलं ते कच्चा मासा खायची हौस असलेल्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. समुद्री माशांत ॲनिसाकिससारखे कृमी असू शकतात. लिंबू, व्हिनेगर, मीठ यांनी त्यांचा भरवशाचा नायनाट होत नाही. नेदरलँड्समध्ये कच्चा हेरिंग खाऊन माणसं आजारी पडू लागली, तेव्हा तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये तो आधी गोठवणं सक्तीचं केलं. अमेरिकेच्या अन्न खात्याचा नियम असा, की कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा. किंवा उणे ३५ अंशांवर दगडासारखा घट्ट गोठवून तिथेच पंधरा तास ठेवावा. काही जातींच्या ट्यूनाला त्यात सूट आहे, कारण त्यांत कृमींचा धोका कमी; पण आपल्या हातातली जात कोणती हे खात्रीनं सांगता येत नसेल तर सूट घेऊ नये. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास, तोही दिवसातून दहा वेळा उघडला जाणारा; त्याच्या भरवशावर राहू नये. आणि गोठवण्यानं कृमी मरतात, सगळे जीवाणू मरत नाहीत. गोड्या पाण्यातला मासा, म्हणजे रोहू, कटला, तर कच्चा खायचाच नाही.

भाच्याच्या ओळखीनं गोठवलेल्या कुप्याचा एक कापा मिळाला, तापमानाच्या नोंदीच्या कागदासकट. सूनबाई स्वतः बर्फाची पेटी घेऊन गेल्या आणि कुठेही न थांबता घरी आल्या. हवाबंद पाकीट कापून मासा ताटलीत ठेवला, मग रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू दिला; बंद पाकिटात मासा सुटू देऊ नये, त्यात हवेशिवाय वाढणारे घातक जीवाणू फोफावू शकतात.

दुसऱ्या दिवशी मावशी मुद्दाम थांबली. मधला काळपट पट्टा तिनंच काढून दिला, कारण उग्र चव त्याची असते. पुढचं काम सूनबाईंच्या सुरीचं. पाट आणि सुरी गरम पाण्यानं धुऊन कोरडी केलेली. आधी बोटाएवढ्या पट्ट्या, मग चण्याएवढे तुकडे. दाबून नाही, एकाच ओढीत, नाहीतर मांसाचा लगदा होतो. वाडगं बर्फावर ठेवलेलं. बारीक चिरलेला पांढरा कांदा पाण्यात भिजवून पिळून घेतलेला, कोथिंबिरीचे देठ, किसलेलं आलं, बिया काढलेली हिरवी मिरची, कोवळ्या काकडीचे तेवढेच तुकडे, चमचाभर तिळाचं तेल. मीठ आणि आंबट मात्र अगदी वाढताना. आधी घातलं तर तुकडे पांढरे पडतात, पाणी सुटतं. लिंबाऐवजी सूनबाईंनी कोकमाच्या आगळाचे थेंब टाकले. लाल मांसावर तो जांभळट रंग चढला आणि चव एकदम आपल्या किनाऱ्याची झाली. सोबत तांदळाच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे.

वाट्या दोनच भरल्या, सूनबाईंची आणि नवऱ्याची. सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंचं वय झालेलं, नात आठ वर्षांची. त्यांच्यासाठी त्याच कुप्याचे तुकडे तव्यावर पूर्ण शिजवून त्याच मसाल्यात घोळले. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई आणि अंगात आजार असलेलं माणूस यांना कच्चा मासा द्यायचा नाही, मग तो कितीही चोख असो.

मावशीसमोर सूनबाईंनी विचारत विचारत चमचा धरला. “नको बाय, कच्चा मला नाय जाणार घशाखाली,” असं म्हणून मावशीनं तव्यावरचा तुकडा घेतला आणि म्हणाली, “आगळ बरोबर पडलंय.”

पुढच्या महिन्यात एका बुधवारी मावशी आली. टोपलीत बांगडे होते. सूनबाईंनी ताट पुढे केलं. मावशी म्हणाली, “आज बांगडा नको घेऊ. रात्री बर्फ कमी पडला.”

“मग काय देतेस?”

त्या दिवशी सूनबाईंनी पाव किलो सोडे आणि सुक्या बोंबलांची एक जुडी घेतली, आणि मावशी जिना उतरून पुढच्या दाराला गेली.